चाकरमान्याच्या बॅगेतला कंट्रोलर



गणपती तोंडावर आले. कोकणकन्या, मांडवी, तुतारी भरभरून येतील, एसटीच्या जादा गाड्या सुटतील, आणि चाकरमान्यांच्या बॅगांतून यंदाही एक वस्तू रत्नागिरीत उतरेल, ती म्हणजे गेम खेळायचा बिनतारी कंट्रोलर. मुंबईच्या घरी तो प्लेस्टेशनला नाहीतर एक्सबॉक्सला जोडलेला असतो. ते खोकं गाडीच्या गर्दीत कोण आणणार? म्हणून नातू नुसता कंट्रोलर घेऊन येतो आणि इथल्या संगणकाला जोडायला बसतो. आरती होते, जेवणं होतात, पानं उचलली जातात, तरी माजघरातून एकच वाक्य ऐकू येत राहतं, ‘कनेक्टच होत नाहीये!’

मी आज त्या नातवाशी बोलत नाहीये. तो या वेळेला रेडिओ ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. मी बोलतोय आजी-आजोबांशी. ज्यांनी ट्रान्झिस्टर उभा-आडवा फिरवून मुंबई ‘ब’ पकडलंय, शेजारची ट्यूब लागली की रेडिओ कसा खरखरतो हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना या कंट्रोलरचं दुखणं नातवापेक्षा लवकर उमगेल. कारण तो कंट्रोलर हाही रेडिओच आहे. मुठीत मावणारा, बोलणारा आणि ऐकणाराही.

संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय. या दिवसांत असे कंट्रोलर माझ्याकडे येतात आणि त्यांतले बहुतेक बिघडलेले नसतात. मुलांची पद्धत अशी की फोनवर उपाय शोधायचे आणि दिसतील ते एकापाठोपाठ करून टाकायचे. चाललं, तर कशानं चाललं ते कळत नाही. नाही चाललं, तर आपण आणखी काय बिघडवून ठेवलं तेही कळत नाही. आजोबांनी शेजारी खुर्ची ओढून बसावं आणि एवढंच सांगावं, ‘एका वेळी एकच गोष्ट बदल.’

पहिली गोष्ट म्हणजे वायर. बिनतारी वस्तूचं दुखणं शोधायला आधी तिला तार लावायची. वायर लावून कंट्रोलर चालला, तर त्याची बटणं, संगणक आणि गेम या तिघांवरचा संशय बराच कमी झाला. दोष हवेतल्या भागात आहे. वायर लावूनही चालला नाही, तर वायरीकडे बघा. यूएसबीच्या साध्या वायरीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या कितीतरी चार्जिंगच्या वायरींत या माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. कंट्रोलरवरचा दिवा लागतो, बॅटरी भरते आणि संगणकाला मात्र काही लागलंय याचा पत्ताही नसतो. फोनचे फोटो जिच्यातून संगणकात उतरतात ती वायर चांगली, ही सोपी परीक्षा. जुन्या एक्सबॉक्स 360 च्या बिनतारी कंट्रोलरची गोष्ट निराळी. त्याच्यासोबत मिळणारी चार्जिंगची वायर फक्त चार्जिंगचीच. त्याला स्वतःचा वेगळा रिसीव्हर लागतो, त्याला इलाज नाही.

आता वायरीवर चालतोय पण हवेतून नाही, असं धरू.

हा कंट्रोलर आला कुठून? मुंबईहून. तिथे त्याची प्लेस्टेशनशी जोडी जमलेली आहे. ब्लूटूथवर दोन यंत्रांची ओळख होते तेव्हा दोघं एक गुप्त किल्ली ठरवतात आणि आपापल्याजवळ ठेवतात. मधलं पीएसचं बटण नुसतं दाबलं की कंट्रोलर त्या जुन्या मालकालाच हाका मारत सुटतो, आणि तो तर राहिला बोरिवलीत. संगणकासाठी नवी ओळख करून द्यावी लागते. प्लेस्टेशन 4 च्या कंट्रोलरवर ‘शेअर’ आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरा, वरची पट्टी भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. प्लेस्टेशन 5 वाल्यावर ‘शेअर’च्या जागी ‘क्रिएट’ बटण असतं. एक्सबॉक्सवाल्यावर वरच्या कडेला एक बारीक बटण असतं, ते दाबून धरायचं. असं लुकलुकत असतानाच तो संगणकाला सापडतो.

किल्ली दोन्हीकडे असते म्हटलं, तिथेच पुढची मेख आहे. गेल्या मे महिन्यात हाच कंट्रोलर इथे जोडला होता. मुलगा मुंबईला गेला, तिकडे तो पुन्हा प्लेस्टेशनला जोडला गेला. कंट्रोलर इथली किल्ली विसरला. इथला संगणक विसरला नाही. त्यामुळे यादीत नाव दिसतं, खाली ‘पेअर्ड’ असंही लिहिलेलं असतं आणि जोडणी होत नाही. अशा वेळी संगणकाच्या ब्लूटूथच्या यादीतून ते नाव ‘रिमूव्ह’ करायचं आणि पहिल्यापासून ओळख करून द्यायची. माझ्या बघण्यात निम्मे कंट्रोलर तरी एवढ्यावर मार्गी लागतात. तरीही अडला, तर प्लेस्टेशनच्या कंट्रोलरच्या पाठीवर एक सुईएवढं भोक असतं, आत बटण असतं. सिमकार्डाची पिन घालून ते काही सेकंद दाबलं की तो सगळ्या ओळखी विसरतो.

यादीत नावच येत नसेल, तर त्या संगणकात ब्लूटूथ आहे का ते बघा. लॅपटॉपमध्ये बहुधा असतं. मुलांच्या अभ्यासासाठी जुळवून घेतलेल्या टेबलावरच्या संगणकात पुष्कळदा नसतं. यूएसबीच्या खाचेत खोचायचा काही शे रुपयांचा ब्लूटूथचा डोंगल लावावा लागतो. उलट कधीकधी कंट्रोलरमध्येच ब्लूटूथ नसतं. एक्सबॉक्स वनचे पहिले कंट्रोलर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीनंच बोलायचे. ब्लूटूथ आलं ते 2016 मध्ये, एक्सबॉक्स वन एस बरोबर. ओळखायचं कसं? मधल्या गोल बटणाभोवतीचं प्लास्टिक समोरच्या भागाशी सलग असेल, तर ब्लूटूथ आहे. तिथे सांधा दिसत असेल आणि ते प्लास्टिक वरच्या खांद्याच्या बटणांकडे जात असेल, तर नाही. बटणं दाबून-दाबून अंगठा दुखला तरी ते उगवणार नाही.

आता येतो तुमचा प्रांत, आजोबा. कंट्रोलर जोडला जातो, पण खेळताना अडखळतो, उशिरा ऐकतो, मध्येच सुटतो.

पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसनचे पैसे भरावे लागत, आठवतंय ना? 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मात्र आपल्या सरकारनं जानेवारी 2005 मध्ये कमी ताकदीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मोकळा केला. झालं, सगळे तिथेच आले. घरातलं वायफाय तिथे, बिनतारी माउस तिथे, कानातले हेडफोन तिथे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही अन्न गरम करताना त्याच पट्ट्यात थोडं सांडतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारताना, जिथे असा रेडिओचा गोंगाट कमी आहे अशी जागा मुद्दाम शोधली होती. गणपतीतलं आपलं घर म्हणजे त्याच्या बरोबर उलट. दहा माणसं, दहा फोन.

या गर्दीतून वाट काढायला ब्लूटूथनं युक्ती केलेली आहे. मूळ पद्धतीत ते पट्ट्याचे 79 बारीक भाग करतं आणि सेकंदाला 1600 वेळा एका भागावरून दुसऱ्यावर उडी मारतं. एक जागा अडलेली मिळाली तरी पुढची मोकळी. उड्या मारण्याची ही कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धात हेडी लामार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार या दोघांनी शत्रूला पाणतीराचा संदेश अडवता येऊ नये म्हणून तशी योजना केली, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच 88 लहरींची, आणि 1942 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या पेटंटातूनच ब्लूटूथ जन्मलं असं हल्ली सांगतात, ते जरा जास्तच होतं. पण बाई हुशार होती यात शंका नाही.

युक्ती असली तरी ताकद बेताची. ब्लूटूथच्या नेहमीच्या वर्गातल्या यंत्राला जास्तीत जास्त अडीच मिलिवॉट मिळतात, म्हणजे एका वॉटचा चारशेवा भाग, आणि पल्ला धरायचा साधारण 10 मीटर, तोही मोकळ्यात. शिवाय लहर आखूड. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांब असते, कंट्रोलरची साडेबारा सेंटीमीटर. ती जाड भिंतीला वळसा घालून जात नाही, आणि पाणी तिला शोषून घेतं. आपली भिंत जांभ्या चिऱ्याची, जांभा भोकाभोकांचा, आणि श्रावण-भाद्रपदात तो ओलसर. माणसाचं अंगही बरंचसं पाणीच. तेव्हा संगणक एका खोलीत आणि खेळणारा पडवीत टीव्हीसमोर, मध्ये चिऱ्याची भिंत आणि दारात आतेबहीण उभी, असं असेल तर कंट्रोलरला दोष देऊ नका.

ट्रान्झिस्टरची जागा बदलायचात, तसं इथे डोंगलची जागा बदला. बहुतेक घरांत तो सीपीयूच्या मागे खोचलेला असतो, म्हणजे पुढे पत्र्याची पेटी आणि मागे भिंत. त्यात शेजारच्या निळ्या खाचेत बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर बघायलाच नको. निळी खाच बहुधा यूएसबी 3 ची असते आणि तिच्यातून माहिती पळते तेव्हा याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेल कंपनीनं 2012 मध्ये मोजमाप करून हे मांडलंय. रेडिओशेजारी मिक्सर लावावा तसा हा प्रकार. उपाय स्वस्त आहे: हातभर लांबीची यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल पुढे टेबलावर, खेळणाऱ्याला दिसेल असा ठेवा. वायफायच्या राउटरला 5 गिगाहर्ट्झची सोय असेल, तर संगणक आणि फोन तिकडे वळवा, इकडची गर्दी हटेल.

एक गंमत सांगतो. काही नव्या संगणकांच्या मागे ब्लूटूथसाठी दोन सोनेरी पेच दिसतात. त्यांवर बसवायच्या काळ्या दांड्या खोक्यात तशाच राहिलेल्या असतात, खोकं माळ्यावर. मग कंट्रोलर संगणकाला चिकटून धरला तरच चालतो. आजोबा, तुम्ही एका वाक्यात निदान केलं असतं: एरियल लावलाच नाही!

कधी तुटणं ठरावीक वेळानं होतं. खेळणारा पाणी प्यायला उठला, परत आला, तर कंट्रोलर झोपलेला. थोडा वेळ हात न लावल्यास त्यानं झोपणं हे ठीकच. पण संगणकही वीज वाचवण्यासाठी ब्लूटूथ बंद करतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ब्लूटूथच्या नावावर जाऊन ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली परवानगीची खूण काढली की ते थांबतं. पेन्सिल सेलवर चालणारा कंट्रोलर असेल, तर सेलची पत्री बघा. आपल्याकडे खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. सेल काढून कोरड्या कापडानं पुसा, आणि मुलं परत गेल्यावर सेल आत ठेवू नका.

शेवटची तक्रार अशी की जोडला गेलाय, दिवा स्थिर आहे, तरी गेममधला खेळाडू हलत नाही. हा रेडिओचा प्रश्न नव्हे, भाषेचा आहे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत जॉय डॉट सीपीएल हे इंग्रजी अक्षरांत लिहा. कंट्रोलर यादीत दिसेल, त्याचे गुणधर्म उघडून बटण दाबलं की पडद्यावर दिवा लागेल. लागला, तर विंडोजपर्यंत सगळं पोचतंय. संगणकावरचे पुष्कळ गेम एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची भाषा समजतात, प्लेस्टेशनची समजत नाहीत. गेम ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल, तर स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या सदरात दुभाष्याची सोय आहे, ती चालू करा.

आणि वायरीवर नाही, हवेतून नाही, दुसऱ्या लॅपटॉपवर नाही, फोनच्या ब्लूटूथवरही नाही, असं झालं, तरच दुकानात या. नुसतं हवेतून चालत नसेल, तर या चार दिवसांसाठी वायर लावूनच खेळू दे. बॅटरीचीही काळजी नको.

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, बॅगा भरायला घेतल्या, की ती चांगली वायर नातवाच्या बॅगेत आठवणीनं टाका. कंट्रोलर आता तुमच्या संगणकाशी बांधलेला आहे. घरी गेल्यावर नुसतं बटण दाबून तो प्लेस्टेशनला जोडला जाणार नाही. एकदा वायरीनं जोडून पीएसचं बटण दाबलं, की तो तिकडचा होईल. नाहीतर बोरिवलीहून रात्री फोन तुम्हालाच येणार.