दान कोठे द्यावे?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात देणग्यांचा ओघ वाढतो, तसा साहाय्य मागणाऱ्या अर्जांचा गठ्ठाही वाढतो. कोणास शिक्षणासाठी शुल्क हवे असते, कोणास शस्त्रक्रियेसाठी मदत. कोठे पांजरपोळात चारा अपुरा पडतो, तर कोठे धर्मस्थानाची डागडुजी खोळंबलेली असते. यांतील एकही कारण वाईट नसते, म्हणूनच निवड कठीण होते. वाईटास नकार देणे सोपे आहे. चांगल्या कार्यांपैकी काहींना नकार देताना मात्र विवेकाची कसोटी लागते.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान हे चार प्रकार सर्वांस परिचित आहेत. तत्त्वार्थसूत्रानुसार दानाचे वैशिष्ट्य चार गोष्टींवरून ठरते: देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणारा आणि घेणारा. रक्कम किती मोठी, हा प्रश्न या चौकडीत कोठेच नाही.

प्रथम घेणाऱ्याचा विचार. दान समाजापुरते असावे की समाजाबाहेरही जावे, ही चर्चा बहुतेक संस्थांच्या सभांत होते. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचे उत्तर दिले आहे. जिनप्रतिमा, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या सात क्षेत्रांत भक्तीने धन पेरावे, आणि अतिदीनांना दयेने द्यावे, असे ते सांगतात. भक्ती आणि दया दोन्ही मिळूनच श्रावकाचा धर्म पूर्ण होतो. महाराष्ट्रातील याचे थोर उदाहरण म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. वसतिगृह चालविण्यास पैसा पुरेना, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. तेथे मुलाची जात पाहिली गेली नाही, गरज पाहिली गेली.

दुसरा विचार वस्तूचा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांच्या गाड्याच्या गाड्या गेल्या. त्यांतील पुष्कळ कपडे तेथील कुटुंबांच्या उपयोगाचे नव्हते. ते रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले. पुढे दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेने ते गोळा करून, निवडून मार्गी लावले. दुकानातला पडून राहिलेला माल कोणता आणि गिऱ्हाइकाला हवा असलेला कोणता, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. दान करताना मात्र तो व्यवहारी डोळा मिटतो आणि घरात नको झालेली वस्तूच दान म्हणून बाहेर पडते. घेणाऱ्याला विचारल्याविना वस्तू निवडणे म्हणजे स्वतःचीच सोय पाहणे होय.

तिसरा विचार रीतीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदतीचे असंख्य हात पुढे आले. त्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. ब्लँकेट एकदा दिले की काम संपते. मुलाची जबाबदारी घेणाऱ्यास पुढील कैक वर्षांचा खर्च मांडूनच शब्द द्यावा लागतो. गावच्या लहान संस्थेस बाराशे मुले झेपणार नाहीत. परंतु एखाद्या मुलीचे पदवीचे शुल्क शेवटच्या वर्षापर्यंत भरणे झेपेल. पहिल्या वर्षी सत्कारासह धनादेश देऊन दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतला, तर तिचे शिक्षण मध्येच अडते. दहा कार्यांना थोडे थोडे देण्यापेक्षा दोन कार्ये तडीस नेणे अधिक हिताचे आहे.

याच रीतीत हिशेबही येतो. देवद्रव्य अन्यत्र वापरता येत नाही. जीवदयेचा निधी जीवदयेसाठीच असतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेही विश्वस्तांवर हिशेब ठेवण्याचे व तो तपासून घेण्याचे बंधन घातले आहे. म्हणून देणगी स्वीकारतानाच तिचे कारण स्पष्ट लिहून घ्यावे. दात्यांनीही काही रक्कम साधारण खात्यात द्यावी, म्हणजे अचानक उभ्या राहिलेल्या गरजेच्या वेळी विश्वस्तांचे हात बांधलेले राहणार नाहीत.

शेवटी देणाऱ्याचा विचार. नावाची पाटी लागावी, ही इच्छा मानवी आहे. परंतु पाटीसाठी जागा जेथे मोठी, तेथेच देणगी जाऊ लागली, तर आजाऱ्याच्या औषधाला दाता मिळणार नाही, कारण औषधाच्या बाटलीवर नाव कोरता येत नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन याच फैजपुरात भरले. पंडित नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या इच्छेनुसार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तिलकनगर सजविले. अधिवेशन संपले, बांबूंची ती नगरीही उतरली. फैजपूरचे नाव मात्र इतिहासात राहिले. सुवर्णमहोत्सवाची स्मृती दगडी कमानीवाचूनही टिकते, याची साक्ष याच मातीत आहे.

यापुढे प्रत्येक अर्जासमोर विश्वस्तांनी तीन प्रश्न ठेवावेत: गरज खरी आहे काय? मागितलेली वस्तू तीच गरज भागवील काय? आणि हाती घेतलेले कार्य शेवटपर्यंत नेता येईल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तेथे मुक्तहस्ते द्यावे. जेथे नसतील, तेथे नम्रपणे व कारण सांगून नकार द्यावा. असा नकारही दुसऱ्या कोणा गरजूचा वाटा राखून ठेवतो.

जय जिनेंद्र.