डोळ्यांनी चाखलेला गूळ

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एक गंमत केली. एकाच भांड्यातलं लिंबाचं सरबत दोन ग्लासांत ओतलं. एकात बिटाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकले, नुसता रंग येण्यापुरते. सगळ्यांना दोन्ही चाखायला दिले आणि विचारलं, “जास्त गोड कुठलं?” बऱ्याचजणींनी गुलाबी ग्लासाकडे बोट दाखवलं. खरं सांगितल्यावर हशा पिकला.

असं का होतं? जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी स्वाद नाक सांगतं. पण त्याही आधी डोळा मनाला सांगून मोकळा होतो. हिरवी कैरी आंबट, पिवळा आंबा गोड, हे आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. मग रंग बघूनच मन चव ठरवतं.

जाणकारसुद्धा यात फसतात. फ्रान्समधल्या बोर्दो इथला एक प्रयोग 2001 साली प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली. रंगाला स्वतःचा वास नव्हता. तरी त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं!

आपल्या मिरचीचंच बघा ना. ब्याडगीचं तिखट लालभडक, पण जिभेला सौम्य. लवंगी मिरची मात्र घाम फोडते. मिरचीत रंगाचा घटक वेगळा आणि तिखटपणाचा वेगळा. तरी लाल तर्री बघितली की पाहुणे आधी पाणी मागतात.

आता ही गंमत आपल्या पोटापर्यंत कशी येते, ते सांगते. आमचा गट गूळ विकतो. गूळ चांगला, पण रंगाने काळपट. यात्रेतल्या स्टॉलवर बायका यायच्या, बघायच्या आणि शेजारच्या पिवळ्याधमक ढेपेकडे जायच्या. एक व्यापारी म्हणाला, “ताई, काहिलीत हायड्रॉस पावडर टाकायला सांगा, हातोहात खपेल.” त्या पावडरीने गूळ पिवळा दिसतो, पण तिच्यातला गंधकाचा अंश गुळात उतरतो. दम्याच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. गटात वाद झाला. दोघी म्हणाल्या, “कर्जाचा हप्ता रंगावर अडलाय, काय करायचं?” शेवटी ठरलं, पावडर नाही.

मग आम्ही ढेप मागे ठेवली आणि पुढे गुळाच्या चहाची किटली मांडली. आधी घोट, मग गूळ. चहा पिऊन बायका विचारू लागल्या, “कुठला हो हा गूळ?” सगळा खपला नाही, पण हप्ता भरण्यापुरता खपला.

एक मात्र लक्षात ठेवा. काळपट म्हणजे शुद्धच, असंही नाही. उसाची जात, जमीन, रस किती कढवला, यानेही रंग बदलतो. म्हणून गुऱ्हाळावर विचारा, “यात काय घातलंय?” आणि आपण विकतो तेव्हा हे उत्तर आपण स्वतःहून द्या.

पुढच्या बैठकीत सरबताचा खेळ करून बघा. आपलीच जीभ कशी फसते ते कळलं, की गिऱ्हाइकाला कसं समजवायचं तेही सुचेल.