कळांखालचा दिवा

(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. लॅपटॉपच्या कळांखालीं जो बारीकसा उजेड असतो तो कमी-जास्त कसा करावा, आणि तोहि यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅमचें साहाय्य न घेतां कसा करावा, एवढेंच मला सांगावयाचें आहे. असल्या विषयावर भाषण कसलें करावयाचें, असें माझ्याहि मनांत प्रथम आलें होतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं जो अनुभव आला त्यानें माझें मत पालटलें.

माझे वडील बंधु रुग्णालयांत होते व रात्रीं त्यांच्या उशाशीं बसण्याची पाळी माझी होती. जागरण व्हावयाचेंच, तर थोडीं मुद्रितें तरी तपासून होतील, म्हणून लॅपटॉप बरोबर नेला होता. दहा वाजतां दालनांतले दिवे मालवले गेले, आणि माझ्या मांडीवरचा कळफलक एखाद्या दुकानाच्या पाटीसारखा झळकूं लागला. पडद्याचा उजेड मीं कमी केला. कळांचा मात्र कमी होईना. ज्या कळेवर त्या दिव्याचें चित्र आहे ती दाबली, पुन्हां दाबली. कांहीं उपयोग झाला नाहीं. आठवडाभरापूर्वीं दुरुस्तीच्या वेळीं त्या यंत्रांत विंडोज नव्यानें घातलें होतें, आणि त्या खटपटींत कंपनीचा प्रोग्रॅम पुसला गेला होता. तो पुन्हां उतरवून घ्यावा तर त्याला इंटरनेट हवें, मग खातें हवें, खात्यासाठीं मोबाइलवर येणारा अंक हवा! शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ अखेर म्हणाले, "अहो, तेवढा दिवा मालवतां का? डोळा लागत नाहीं हो." मीं यंत्र मिटून ठेवलें. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवरचा दिवा आपल्यालाच मालवतां येऊं नये, याची चुटपुट मात्र सकाळपर्यंत राहिली.

हा दिवा म्हणजे आपल्या परिचयाचा एलईडीच होय. पांढरा दिसणारा एलईडी बहुधा मुळांत निळा असतो. त्यावरील लेपामुळें त्याचा प्रकाश पांढरा भासतो. असा तेजस्वी निळा दिवा साधल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ॲपल कंपनीनें २००३ सालीं आपल्या पॉवरबुक संगणकांत कळांखालीं उजेड आणला. त्या काळीं थिंकपॅड नांवाच्या यंत्रांत पडद्याच्या वरच्या कांठाला एक चिमुकला दिवा असे व तो वरून कळफलकावर उजेड टाकी. मला ती वरच्या दिव्याची युक्ति अजूनहि अधिक आवडते. तिनें मांडीवरचा कागदहि दिसे.

असा दिवा मंद करावयाचा म्हणजे बहुधा त्याची वीज कमी करीत नाहींत. सेकंदांत शेंकडों वेळां तो पेटवितात आणि विझवितात. पेटलेला काळ जितका अधिक तितकें तेज अधिक. डोळ्याला ती उघडझांप कळत नाहीं. हें काम लॅपटॉपमध्यें एक लहानसा स्वतंत्र नियंत्रक करतो. पंखे, बॅटरीचें भारण, कळफलक, असलीं घरगुती कामें त्याच्याकडेच असतात. त्याला बाहेरून सांगावा लागतो तो केवळ एक अंक. शून्य म्हणजे अंधार. मग एक, दोन, तीन, अशा पायऱ्या. कंपनीचा प्रोग्रॅम कितीहि थाटामाटाचा असला तरी अखेर तो एवढेंच करतो. हा अंक नियंत्रकाच्या कानांत सांगतो. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, तो अंक दुसऱ्या कोणाला सांगतां येतो कीं नाहीं?

कित्येक यंत्रांत तो कळेनेंच सांगतां येतो. थिंकपॅडमध्यें 'एफएन' ही कळ धरून जागा सोडण्याची लांब कळ दाबली कीं उजेड पालटतो, कारण ती खूण नियंत्रक स्वतःच ओळखतो. दुसऱ्या कांहीं यंत्रांत मात्र कळ दाबल्याची वर्दी आधीं ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते आणि तेथून कोणी तरी उलट हुकूम पाठवावा लागतो. तो पाठविणारा कंपनीचा नोकर घरांत नसेल तर कळ मुकी होते. माझें यंत्र या दुसऱ्या जातीचें. कळ मोडली नव्हती. तिचें ऐकणारें कोणी उरलें नव्हतें.

आतां लिनक्सची रीत सांगतों, कारण या बाबतींत तिच्यासारखी मोकळी रीत मला अन्यत्र आढळली नाहीं. यंत्रांतील उपकरणें फाइलींच्या रूपानें मांडून ठेवण्याची तिची पद्धत आहे. 'सिस' नांवाच्या फोल्डरांत 'क्लास' आणि त्यांत 'लेड्स' असा एक फोल्डर असतो. त्यांत यंत्रांतील लहानसहान दिव्यांचीं नांवें दिसतात. ज्या नांवाच्या शेवटीं 'केबीडी बॅकलाइट' अशीं अक्षरें असतील तो आपला दिवा. त्याच्या पोटांत दोन फाइली महत्त्वाच्या. 'मॅक्स ब्राइटनेस' ही केवळ वाचावयाची. पायऱ्या किती तें ती सांगते. थिंकपॅडमध्यें तेथें बहुधा २ हा अंक आढळतो, आसूसच्या पुष्कळ यंत्रांत ३, आणि जुन्या इंटेल मॅकबुकमध्यें तर २५५! दुसरी फाइल 'ब्राइटनेस'. तिच्यांत अंक लिहिला कीं त्याच क्षणीं कळांखालचा उजेड बदलतो.

येथें नवखा मनुष्य हटकून अडखळतो, मीहि अडखळलों. ती फाइल लिहिण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य मालकाकडे, म्हणजे 'रूट'कडे, असतो. म्हणून आपण 'सुडो' हा शब्द पुढें लावून 'एको' या आज्ञेनें अंक लिहावयास जातों, तरीहि परवानगी नाकारली जाते. कारण असें कीं, 'सुडो'चा अधिकार 'एको'पुरताच असतो. फाइल उघडण्याचें काम आपल्या साध्या अधिकाराखालींच होतें. यासाठीं 'एको'नें काढलेला अंक 'सुडो टी' या आज्ञेच्या हातीं द्यावा, म्हणजे ती तो फाइलींत लिहिते. रोजची कटकट नको असेल तर 'ब्राइटनेससीटीएल' नांवाचा एक लहान, फुकट प्रोग्रॅम आहे. तो नेहमींच्या मांडणींत मालकाची परवानगी न मागतां हें काम करतो. यंत्र बंद करून पुन्हां लावलें तर आधींचा अंक लक्षांत ठेवण्याची सोयहि पुष्कळ लिनक्समध्यें असते. डेलच्या अनेक यंत्रांत आणखी एक फाइल मिळते. कळांना हात न लागतां किती वेळानें दिवा विझावा तें तिच्यांत लिहितां येतें. हीच गोष्ट कांहीं यंत्रांत सुरुवातीच्या सेटअपमध्येंहि ठरवितां येते.

'लेड्स'मध्यें तें नांवच नसेल तर? मग लिनक्सला त्या यंत्राची भाषा अजून अवगत नाहीं असें समजावें. अशा वेळीं कांहीं धाडसी लोक नियंत्रकाच्या स्मृतींत परभारें अंक लिहून पाहतात. माझी विनंति आहे कीं तसें करूं नये. त्याच्या हातीं पंखे व बॅटरीहि आहेत; दिव्याच्या नादानें भलत्याच खान्यांत अंक पडला तर नुकसान दिव्यापुरतें राहणार नाहीं.

रंगीबेरंगी कळफलकांची कथा निराळी. तेथें प्रत्येक कंपनीची बोली स्वतंत्र, आणि बहुधा गुप्त. ओपनआरजीबी नांवाच्या मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्यांनीं संगणक व कळफलक यांच्यामध्यें जाणारे निरोप ऐकून ऐकून अशा कितीतरी बोली उलगडल्या आहेत. ही चिकाटी मला कोणत्याहि कंपनीच्या जाहिरातीपेक्षां मोलाची वाटते. पुढें 'लॅम्पॲरे' नांवाची सर्वांस समान अशी एक बोली ठरली, आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून विंडोज ११ मध्यें 'डायनॅमिक लायटिंग' या नांवानें ती आली. जो कळफलक ती बोली जाणतो त्याचें तेज विंडोजच्या सेटिंग्जमधूनच कमी करतां येतें. विकत घेतांना दुकानदाराला एवढें अवश्य विचारावें.

स्वस्त कळफलकांत तर याहून गंमत असते. त्यांतील कित्येकांत उजेडाची तार 'स्क्रोल लॉक'च्या खुणेच्या दिव्यालाच जोडलेली असते! विंडोजमध्यें ती कळ दाबली कीं सगळा कळफलक उजळतो; लिनक्सवर तो पुष्कळदां अंधारांतच राहतो, कारण तेथें त्या कळेला सहसा कांहीं कामच नेमलेलें नसतें. अशा वेळीं 'लेड्स'मध्यें 'स्क्रोललॉक' या नांवाचा दिवा शोधून त्यांत एक लिहावा.

आपल्यापैकीं जे मराठी टंकलेखन करतात त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. इंग्रजी कळांवर आपण देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावतों, त्या बहुधा अपारदर्शक असतात. मग खालून कितीहि उजेड दिला तरी अक्षर काळेंच, आणि कडांतून मात्र झोत डोळ्यांत येतो. माझ्या कळफलकावर त्याच होत्या, म्हणून दिवा असूनहि 'ळ' सांपडत नसे. आतां पारदर्शक पट्ट्या आणल्या आहेत.

बंधु घरीं आल्यावर मीं त्या यंत्रांत लिनक्स घातलें. 'मॅक्स ब्राइटनेस' उघडून पाहिलें, तेथें ३ होतें. दिवसभर तो अंक १ असतो. रात्रीं अकरा वाजतां एक छोटीशी ठरलेली आज्ञा आपोआप चालते आणि तेथें शून्य लिहून जाते.