शून्य आणि 'नोंद नाही'

मी आरोंद्यातून बोलतोय. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा, अलीकडे आमचं गाव. आजचा विषय: एआय एजंटला खर्च शोधून देणारं टूल, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं.

ग्रामपंचायतींच्या जमाखर्चासाठी ई-ग्रामस्वराज पोर्टल 24 एप्रिल 2020 ला सुरू झालं. समजा, अशा नोंदी शोधणारं टूल आपण बनवलं. एजंटला त्याचा आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि विचारताना कुठली माहिती द्यायची, एवढंच दिसतं. त्यावरूनच तो टूल वापरतो.

म्हणून तीन गोष्टी लिहाच. पहिली, वर्ष. आपलं आर्थिक वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. नुसतं '2024' म्हटलं तर कुठलं धरायचं? '2024-25' असंच हवं, हे स्पष्ट सांगा. दुसरी, रक्कम मंजूर झालेली आहे की खर्च झालेली? तिसरी सगळ्यात महत्त्वाची: काही सापडलं नाही, तर उत्तर 'नोंद नाही' असं यावं, शून्य नको.

का? कोणी विचारलं, "आमच्या वाडीतल्या रस्त्यार किती खर्च झालो?" आणि एजंट म्हणाला 'शून्य', तर तासाभरात व्हॉट्सॲपवर सरपंचांवर आरोप सुरू! प्रत्यक्षात नोंद अजून चढलेलीच नसेल.

वर्णन लिहून झालं की घरात कोणाला तरी वाचायला द्या. ते जिथे अडखळतील, तिथे एजंटही चुकू शकतो. भेटूया पुढच्या भागात!