कर्नल मनोहर माळगांवकर : शिपाई, उमेदवार आणि लेखक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानासाठी विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आले तेव्हा आम्ही मनोहर माळगांवकर हे नाव कळविले. कार्यकारिणीतील एका स्नेह्यांनी लागलीच शंका घेतली, "पण ते गृहस्थ तर इंग्रजीत लिहीत!" शंका रास्त आहे. जन्मभर इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाविषयी मराठी मंडळाने एक संध्याकाळ का खर्चावी, याचे उत्तर आम्ही देणे लागतो.

निजामुद्दीनहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. बेळगाव मागे पडले की लोंढा येते, आणि पुढे कॅसलरॉकचा घाट सुरू होतो. त्या लोंढ्याच्या परिसरात, दाट रानात, जगलबेट नावाचे गाव आहे. १२ जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या माळगांवकरांनी १४ जून २०१० रोजी तेथे देह ठेवला. हा मुलूख पूर्वी मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी, कोंकणी आणि कानडी या तिन्ही भाषा तेथे एकाच बाजारात ऐकू येतात. आपण दिल्लीकर जसे मुलखापासून दूर आहोत, तसे ते नव्हते. परंतु सीमेवरच्या माणसाचे जे एक वेगळे भान असते, ते त्यांच्यापाशी होते.

मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी इंग्रजी व संस्कृत हे विषय घेऊन मिळविली. पुढे दोन वर्षे त्यांनी शिकारी म्हणून काढली, आणि त्यावर निर्वाहही केला. नंतर १९३७ ते १९४२ या काळात ते हिंदुस्थान सरकारच्या सेवेत छावणी-प्रशासनाचे अधिकारी होते. येथे आम्हांस थोडा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. केंद्र सरकारच्या फायली वाचता वाचता ज्यांची भाषा कोरडी पडली असे आमच्यासारखे बी. ए. या सभागृहात बरेच आहेत. पाच वर्षे त्याच कागदांत राहून ज्याची भाषा शाबूत राहिली, असा हा एक पदवीधर.

१९४२ साली ते मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले आणि १९५२ साली लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावरून बाहेर पडले. ही दहा वर्षे त्यांच्या पहिल्या कादंबरीत, १९६० च्या 'डिस्टंट ड्रम'मध्ये उतरली आहेत. तिच्यातील सातपुडा रेजिमेंट काल्पनिक आहे, पण मेसमधील शिष्टाचार आणि वरिष्ठांची मर्जी सांभाळणारे अधिकारी मुळीच काल्पनिक वाटत नाहीत. किरण गरुड आणि अब्दुल जमाल हे दोन मित्र फाळणीच्या दंगलींत याच दिल्लीत एकत्र काम करतात. पुढे काश्मीरच्या युद्धबंदी रेषेच्या दोन बाजूंना उभे राहतात, आणि तरीही एकदा भेटतात. सैन्याच्या दृष्टीने ती भेट गुन्हाच. लेखक मात्र तिला गुन्हा ठरवीत नाही. स्वतः गणवेश वापरलेल्या माणसाने हे लिहावे, यात धैर्य आहे.

सैन्य सोडल्यावर १९५३ ते १९५९ पर्यंत त्यांनी जगलबेटला मँगेनीजच्या खाणीचा व्यवसाय केला. त्याच काळात राजकारणाची ओढ लागली. १९५७ साली ते लोकसभेसाठी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पडले. १९५९ मध्ये राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला. परमिटाच्या राज्याला विरोध हे त्या पक्षाचे ब्रीद. १९६२ साली माळगांवकर त्या पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले, आणि पुन्हा पडले. निवडून आले असते तर नॉर्थ ॲव्हेन्यूला बिऱ्हाड थाटून आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाला एखादे वेळी अध्यक्ष म्हणून लाभलेही असते! पण त्या पराभवानंतरच्या दोन वर्षांचा हिशेब पाहा. १९६३ साली 'द प्रिन्सेस' आणि 'पुअर्स ऑफ देवास सीनियर', १९६४ साली 'अ बेंड इन द गँजेस'. संसदेत बसून हे झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आता मूळ शंकेकडे येऊ. माळगांवकरांचे पहिले पुस्तक कादंबरी नव्हते. ते होते १९५९ साली निघालेले कान्होजी आंग्ऱ्यांचे चरित्र. इंग्रज इतिहासकारांच्या लेखी कान्होजी म्हणजे चाचा. त्यांचा दस्तक घेतल्याविना व्यापारी जहाजाने कोंकण किनाऱ्यावरून जाऊ नये, हा त्यांचा नियम. आणि नेमका तोच नियम पोर्तुगीज आपल्या परवान्यांच्या रूपाने किती तरी आधीपासून चालवीत होते. एकाने केले तर कायदा, दुसऱ्याने केले तर चाचेगिरी! १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले, आणि सरखेल म्हणून त्यांचा अधिकार मान्य झाला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तीही फसली. हे सर्व आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण लंडनच्या किंवा मद्रासच्या वाचकाला ते कोणी सांगितले? ते एका पायदळाच्या अधिकाऱ्याने, इंग्रजांच्याच भाषेत सांगितले. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्ऱ्यांचे नाव आहे. ते नाव कोणाचे, असे परभाषी शेजाऱ्याने विचारले तर त्याच्या हाती देण्याजोगे हे पुस्तक आहे.

पुढे १९७१ साली 'छत्रपतीज ऑफ कोल्हापूर' निघाले, आणि १९७२ साली 'द डेव्हिल्स विंड', म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी स्वमुखाने सांगितलेली कहाणी. या पुस्तकापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत, कारण ते आपल्याविषयी आहे. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव आठ लाखांच्या तनख्यावर कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेले. त्यांच्यामागे शेकडो कुटुंबे गेली. भटभिक्षुक, कारकून, आचारी, शागीर्द. गंगेच्या काठी एक लहानसे पुणेच वसले म्हणा. उत्तर हिंदुस्थानात येऊन राहिलेली ती एक मोठी मराठी वसाहत. तेथील मुलांनी आजीच्या तोंडून सह्याद्री ऐकला आणि डोळ्यांनी गंगेचे वाळवंट पाहिले. १८५१ साली बाजीराव वारले आणि कंपनीने तनखा बंद केला. दत्तकपुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्ला खानाला वकील म्हणून विलायतेस धाडले. अर्ज फेटाळले गेले. सरकारदरबारी अर्ज करून थकलेल्या माणसाचा तो थकवा माळगांवकरांनी फार चांगला ओळखला आहे. पूर्वाश्रमीच्या छावणी-अधिकाऱ्याला तो अनोळखी कसा असेल?

मात्र कानपूरच्या बिबीघरात स्त्रिया व मुले मारली गेली, त्या प्रसंगी लेखक नायकाला जरा सहज सोडून देतो, असे आमचे मत आहे. नायकच बोलत असल्यामुळे साक्षीदार आणि आरोपी एकच होतात, आणि वाचकाला उलटतपासणी करता येत नाही. स्त्री-व्यक्तिरेखांच्या बाबतीतही त्यांचे हात आखडतात. शिकारीची वर्णने तर काही ठिकाणी आम्ही पाने उलटून टाकली.

दिल्लीकरांनी अवश्य वाचावे असे पुस्तक मात्र निराळे आहे. १९७८ सालचे 'द मेन हू किल्ड गांधी'. तीस जानेवारी मार्गावरील बिर्ला भवन आणि ज्याच्या आवारात खटला चालला तो लाल किल्ला ही दोन्ही स्थळे आपण पाहुण्यांना नेऊन दाखवितो. कटातील बहुतेक माणसे मराठी होती, हे मात्र सांगत नाही. त्या वेळी महाराष्ट्रात कित्येक निरपराधांची घरे जळाली, आणि मागच्या पिढीने हा विषय घरात काढू नये असा दंडकच घालून घेतला. माळगांवकर गोपाळ गोडसे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा आणि माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे यांना जाऊन भेटले, कागदपत्रे मिळविली, आणि कोण कोठे उतरला, पिस्तूल कोठून आले, पोलिसांनी कोठे ढिलाई केली हे तपासाधिकाऱ्याच्या शिस्तीने मांडले. त्या लेखनात सहानुभूतीचा गहिवर नाही की शिव्याशाप नाहीत. मराठी बोलणाऱ्यांशी मराठीत बोलून जगासाठी इंग्रजीत लिहू शकेल, असा माणूस तेथे हवा होता. तो आपल्यातून निघाला.

मग मराठी वाचकाने त्यांना जवळ का केले नाही? १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' आली आणि घरोघर वाचली गेली. ऐतिहासिक कादंबरीची आपली भूक घरीच भागत होती. बाहेर पाहण्याची गरज कोणास वाटली नाही. पण नोएडा, फरिदाबाद, गुडगाव येथे वाढलेल्या आपल्या मुलांचे काय? 'स्वामी' त्यांच्या हाती दिली तर पहिल्या पानावर अडतात, आणि आपण सुस्कारा टाकून कपाट बंद करतो. त्यांना आंग्रे, पवार, भोसले आणि पेशवे भेटविण्याचा एक मार्ग माळगांवकरांच्या पुस्तकांतून जातो. मराठीला तो पर्याय आहे, असे आम्ही म्हणत नाही. मराठी शिकवायची ती घरीच, आणि कटकट झाली तरी शिकवायची. परंतु अठरा वर्षांचा मुलगा नानासाहेबांचे इंग्रजी आत्मकथन वाचून "बिठूर येथून किती लांब?" असे विचारील, तर त्याला गाडीत बसवून न्यावे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आमच्याजवळच्या माळगांवकरांच्या सहा पुस्तकांचा संच आम्ही आज मंडळाच्या ग्रंथालयास देत आहोत. 'द प्रिन्सेस'ची बांधणी सैल झाली आहे, ती जपून हाताळावी. मुदत पंधरा दिवसांची. चिटणीसांनाही तीच लागू आहे.