निवृत्तीपूर्वीचा आरोग्याचा ताळेबंद



निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हाती येतो. मात्र मालकाने काढलेला सामूहिक आरोग्यविमा बहुधा त्याच सुमारास संपुष्टात येतो. उपचारांची गरज वाढते, नेमका तेव्हाच आधार सुटतो. म्हणून नोकरीच्या अखेरच्या वर्षातच सरकारी योजनांचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना केंद्रीय सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड आपोआप मिळत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो. दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरल्यास ते तहहयात चालते. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांना वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. अनेक कामगारांना ही सोय ठाऊकच नसते.

वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झाले. उत्पन्नाची अट नाही. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात आणि जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ नाही. वय आधार कार्डावरूनच ठरते. जन्मवर्ष चुकीचे असल्यास आजच दुरुस्त करून घ्यावे. केंद्रीय योजनेच्या लाभार्थींना मात्र दोहोंपैकी एकाचीच निवड करावी लागते.

प्रश्न उरतो तो अठ्ठावन्न ते सत्तर या वर्षांचा. महाराष्ट्रात २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली असून तिचेही संरक्षण ५ लाखांचे आहे. या दोन्ही योजना रोखरहित आहेत. अंगीकृत रुग्णालय आणि यादीतील उपचार एवढीच त्यांची व्याप्ती. कार्ड दाखल होतानाच दाखवावे. बिल भरल्यावर आणलेल्या कार्डाचा उपयोग होत नाही.

याखेरीज धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून अमलात आहे.

तरीही मधुमेह, रक्तदाब यांची महिनोन्महिने चालणारी औषधे दाखल होण्याशी निगडित योजनांत बसत नाहीत. जेथे सरकारी योजनेची सीमा संपते, तेथे आपल्या देणगीचे काम सुरू होते. कुटुंबीयांनी कागदपत्रे वेळेवर सिद्ध ठेवली, तर हा निधी ज्यांना अन्य आधारच नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचेल.