दोन सारखे कॅमेरे



या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकता. त्यांच्या पंक्तीला आम्ही कॅमेऱ्याच्या खरेदीचा विषय घेऊन बसलो आहोत, याचा थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या वाटेवर आपण स्वतः ठेच खाल्ली, त्या वाटेविषयी दोन शब्द सांगण्याचा अधिकार माणसाला आपोआपच मिळतो. आम्ही कोणी छायाचित्रकार नव्हे. घरातली मुंज, कोकणातली सहल, गच्चीवरून दिसणारा पाऊस, एवढाच आमच्या हौसेचा पसारा.

२०१५ साली आमच्या काकांनी बाजारपेठेतले आपले लोखंडी सामानाचे दुकान दिवाळीच्या पाडव्याला कायमचे बंद करायचे ठरवले. खिळे, बिजागऱ्या आणि कड्याकोयंड्यांच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेले ते दुकान, आणि मध्ये गल्ल्यावर काका. एके दिवशी ते आम्हांला म्हणाले, "अरे, तू फोटो काढतोस ना? बंद व्हायच्या आधी दुकानाचे चार फोटो काढून ठेव." आम्ही आनंदाने हो म्हटले, आणि त्या निमित्ताने एक चांगला कॅमेरा घ्यावा असे मनाने घेतले. हाताशी सहा महिने होते. सहा महिने म्हणजे पुष्कळ झाले, असे तेव्हा वाटले.

दुकानदाराने आमच्यापुढे दोन कॅमेरे ठेवले. एक सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतला तिसरा आणि दुसरा कॅननचा जी ७ एक्स. दोन्ही २०१४ साली बाजारात आलेले, दोन्ही सुमारे २० मेगापिक्सेलचे, दोन्ही खिशात मावणारे. एकाचे वजन २९० ग्रॅम, दुसऱ्याचे ३०४. जुळ्या भावांतून जावई निवडायचा असावा, तशी आमची अवस्था झाली. आम्ही वही घेतली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या, आणि तुलना सुरू केली. त्या वहीतून आम्ही जे शिकलो, ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट मेगापिक्सेलची. हा आकडा मोठा तितके चित्र चांगले, अशी सर्वत्र समजूत आहे. थोडा हिशेब करून पाहा. आपण छापतो ती नेहमीची प्रत ६ इंच लांब आणि ४ इंच रुंद. इंचाला ३०० ठिपके धरले तर १,८०० गुणिले १,२००, म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख ठिपके. दोन मेगापिक्सेलच्या किंचित वर. भिंतीवर लावण्यासाठी १२ गुणिले ८ इंचांची प्रत काढली, तरी साडेआठ-पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. मग २० आणि २४ यांच्या वादात हौशी माणसाने का पडावे? २०चे २४ झाले, तरी चित्राची लांबी शेकडा दहानेही वाढत नाही.

दुसरी गोष्ट सेन्सरची, म्हणजे प्रकाश झेलणाऱ्या चकतीची. आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत ती "एक इंची" होती. पण नावावर जाऊ नका. तिची खरी मापे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. हे नाव जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून चालत आले आहे. तरीसुद्धा स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्यांत जी चकती असे, तिच्या चौपट हिचे क्षेत्रफळ. अंगणात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच. पण परातीत पाणी अधिक साचते. प्रकाशाचेही तसेच आहे. दिवेलागणीच्या वेळी, देवघरात, मांडवात चित्र बिघडते ते ठिपके कमी पडले म्हणून नव्हे, तर प्रकाश कमी पडला म्हणून.

तिसरी गोष्ट भिंगाची. भिंगाच्या छिद्राचा आकडा उलटा चालतो. तो लहान तितके छिद्र मोठे. १.८चे छिद्र २.८च्या छिद्रापेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. आमच्या दोन्ही कॅमेऱ्यांची भिंगे १.८पासून २.८पर्यंतचीच. म्हणजे चकतीत फरक नाही, छिद्रातही नाही!

मग फरक कशात होता? कॅननचे भिंग दूरचे माणूस अधिक जवळ आणी. ३५ मिलिमीटरच्या जुन्या मापाने त्याची धाव १००पर्यंत, तर सोनीची ७०पर्यंत. कॅननच्या पडद्याला बोट लावून काम भागे. सोनीला डोळा लावून पाहण्याची छोटी खिडकी होती, आणि एका भरणीत सुमारे ३२० चित्रे निघत, कॅननची २१०. झाले, संपली यादी. आता ज्याची मुलगी शाळेच्या रंगमंचावर नाचते, त्याने कॅनन घ्यावा. आमच्यासारखा जो भर दुपारी समुद्रकिनाऱ्यावर उभा राहतो, जिथे उन्हात पडदा दिसेनासा होतो, त्याला ती खिडकी हवी. हा निर्णय पाऊण तासाचा होता. आमच्या जुन्या दोनशे फोटोंवरून नजर फिरवली असती, तरी तो झाला असता. कारण त्यांत आम्ही काय टिपतो ते लिहिलेलेच होते. परंतु आम्ही स्वतःच्या फोटोंकडे पाहिले नाही, कॅमेऱ्यांच्या आकड्यांकडे पाहत बसलो.

मध्येच सोनीचा चौथा अवतार बाजारात आला. आता तिसऱ्याची किंमत उतरेल, म्हणून आम्ही थांबलो. मग दसऱ्याला सूट मिळेल म्हणून थांबलो. आणि दसऱ्यालाच एका व्यापाऱ्याने काकांचा सगळा माल एकगठ्ठा उचलला. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा दुकानात रिकाम्या फळ्या होत्या आणि भिंतीवर खोक्यांचे चौकोनी डाग. आम्ही काकांना गल्ल्यावर बसवले आणि फोटो काढला. अंधारातही तो सुरेख आला. फळीची शीर न् शीर दिसत होती. काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "स्वच्छ आला आहे रे. पण ह्यात दुकान कुठे आहे?"

त्यांच्या घरात आज भिंतीवर एक फोटो आहे. तो आमचा नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या आमच्या भाचीने साध्या फोनवर सहज काढलेला आहे. काका तराजूत खिळे तोलत आहेत. हात थोडा हलला आहे, मागची खोकी पुसट आहेत. पण खोकी आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हातात आज तसाच, किंबहुना पुष्कळ अधिक चांगला फोन आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० साली एक कोटीही नाहीत. फोनने काम भागत असेल, तर खरेदी न करणे हाही एक निर्णयच आहे. फोन कुठे अडतो हे ठाऊक झाले, म्हणजे कोणता कॅमेरा घ्यावा हेही ठाऊक होते. आणि तरीही दोन कॅमेरे अगदी सारखे वाटले, तर दोन्ही हातात धरून पाहा. जो हाताला बरा वाटेल तो घेऊन त्याच संध्याकाळी घरी या. ते सारखे वाटतात, कारण ते खरोखरच सारखे असतात. ज्याचा फोटो काढायचा, तो मात्र तोवर तसाच राहत नाही.